न्यूट्रॉनांचे ‘विकिरण’ की ‘प्रकीर्णन’?

फोंड्याच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. विज्ञान दिनाच्या मराठी भाषणात त्यांनी ‘धातूंमध्ये न्यूट्रॉनांचे विकिरण आणि शोषण कसे मोजतात’ असे लिहिले. ते ऐकून एका मुलीने विचारले, ‘बाई, म्हणजे सगळे धातू किरणोत्सर्गी असतात?’ तर शब्द चुकला का?

बाई, शब्द चुकीचा नाही, पण या वाक्यात तो टाळावा. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत ‘प्रकाशाचे विकिरण’ म्हणजे प्रकाशाचे विखुरणे, आणि उष्णता पसरते ती वहन, अभिसरण व प्रारणाने (इंग्रजीत रेडिएशन). हिंदीत नेमके उलटे: प्रारणाला विकिरण म्हणतात आणि विखुरण्याला प्रकीर्णन. गोव्यात प्राथमिक शाळा मराठीत झाली तरी पुढचे विज्ञान इंग्रजीत आणि टीव्हीवरच्या बातम्या हिंदीत. त्या मुलीच्या कानावर हिंदीतले विकिरण आधी पडले असणार. तिची शंका अगदी रास्त आहे.

खरे तर दोन्ही शब्द सख्खे. संस्कृत ‘कॄ’ म्हणजे विखुरणे, उधळणे. त्यातून किरण, विकीर्ण, प्रकीर्ण, संकीर्ण. आपले ‘विखुरणे’ही याच घराण्यातले. त्यामुळे व्युत्पत्तीने निवाडा होत नाही. तो विषयाकडे पाहूनच करावा लागतो.

सोन्याचा पातळ पत्रा न्यूट्रॉनांच्या झोतात ठेवला, तर काही न्यूट्रॉन अणुकेंद्रकांवर आपटून दिशा बदलतात. काहींना केंद्रक गिळून टाकते. गिळले की सोने-१९७ चे सोने-१९८ होते (आकडा म्हणजे केंद्रकातले एकूण कण), आणि २.७ दिवसांच्या अर्धायुष्याने ते बीटा व गॅमा किरण टाकत पाऱ्यात बदलते. पत्रा बाहेर काढून ते किरण मोजले की किती न्यूट्रॉन गिळले गेले ते कळते. म्हणजे विखुरणेही इथे आहे आणि किरण बाहेर पडणेही! एकाच शब्दावर दोन्हींचा भार टाकला तर ऐकणारा गोंधळणारच. म्हणून आपटून वळणे ते प्रकीर्णन आणि किरण बाहेर पडणे ते प्रारण किंवा किरणोत्सर्ग. न्यूट्रॉनांपुरता ‘विकिरण’ बाजूला ठेवावा.

मुलांना सांगताना तुमच्याच भागातले कुळागर घ्या. पोफळींच्या दाटीत डोळे झाकून शंभर चेंडू फेकले. काही खोडांना लागून भलतीकडे गेले, काही झावळांत अडकले, उरलेले सरळ पलीकडे निघाले. पलीकडे उभे राहून सरळ आलेले चेंडू मोजले तर एकूण किती हरवले ते कळते. वळून किती गेले आणि अडकून किती राहिले, हे कळत नाही. प्रयोगशाळेतही असेच. नमुना ठेवून आणि काढून, अशी पारगामी, म्हणजे सरळ पलीकडे निघालेल्या, झोताची दोन मोजणी केली की प्रकीर्णन व शोषण मिळून एक बेरीज हाती येते. तिची फोड करायला नमुन्याभोवती शोधक लावून वळलेले न्यूट्रॉन मोजावे लागतात, नाहीतर वर सांगितलेली सोन्याच्या पत्र्याची वाट धरावी लागते. तुमच्या वाक्यातले ‘आणि’ दिसते त्यापेक्षा फार कष्टाचे आहे, आणि भाषणात मी वेळ द्यायचा तर तो इथेच देईन.

‘शोषण’ चालेल. ‘अवशोषण’ने अर्थात काही भर पडत नाही. एवढेच सांगा की स्पंजाने शोषलेले पाणी पिळून परत मिळते, इथे गिळलेला न्यूट्रॉन तसा परत मिळत नाही.

मोजलेल्या राशीला ‘काटच्छेद’ म्हणतात. हा शब्द मला खटकतो, कारण इथे काही कापलेले नसते. न्यूट्रॉनाला केंद्रक केवढे ‘दिसते’, ते हे क्षेत्रफळ. मंद न्यूट्रॉनांसाठी ॲल्युमिनियमचे शोषण सुमारे ०.२३ बार्न (बार्न हे या क्षेत्रफळाचे एकक), तर कॅडमियमचे सुमारे २,५२० बार्न. कॅडमियमच्या केंद्रकाचे प्रत्यक्ष आडवे क्षेत्र जेमतेम एक बार्न भरेल! म्हणून मी ‘लक्ष्यक्षेत्र’ म्हणेन, आणि रूढ शब्द म्हणून काटच्छेद एकदा सांगून ठेवीन.

‘बार्न’चे मात्र भाषांतर करू नका. १९४२ मध्ये अमेरिकेत दोन भौतिकशास्त्रज्ञांनी १०⁻²⁴ चौरस सेंटिमीटरला हे नाव दिले. केंद्रकांवरच्या टकरींच्या मानाने ते क्षेत्र धान्याच्या कोठाराएवढे ऐसपैस, म्हणून. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा, पण फळ्यावर आकड्यापुढे ‘बार्न’च लिहा.