ब्लेड ‘बसवणे’ की ‘जोडणे’?

गोव्यातल्या डिचोलीच्या एका वाचकाने विचारले आहे की, ट्रॅक लोडरला, म्हणजे पट्ट्यांवर चालणाऱ्या आणि पुढच्या बाहूंनी माती उचलणाऱ्या गाडीला, डोझरचे म्हणजे माती लोटणाऱ्या यंत्राचे ब्लेड लावण्याविषयी कामगारांसाठी मराठी सूचनापत्रक लिहिताना ‘ब्लेड बसवणे’ लिहावे की ‘ब्लेड जोडणे’, आणि ‘ब्लेड’ऐवजी ‘पाते’ चालेल का.

माझ्या मते पत्रकात दोन्ही क्रियापदे हवीत, कारण त्या कामातच दोन निराळ्या कृती आहेत. ज्या वस्तूची जागा आधीच ठरलेली असते आणि त्या जागी तिने घट्ट राहावे अशी अपेक्षा असते, तिच्यासाठी मराठीत ‘बसवणे’ येते: अंगठीत खडा बसवतात, भिंतीत चौकट बसवतात. लोडरच्या बाहूंच्या टोकाला जी प्लेट असते ती पुढे झुकवून चालक गाडी ब्लेडजवळ आणतो, प्लेटची वरची कड ब्लेडच्या मागच्या खोबणीत सरकवतो, मग प्लेट मागे ओढून ब्लेड तिला टेकवतो आणि शेवटी दोन्ही लिव्हर दाबून खालच्या पिना भोकांतून आरपार घालतो. पिना भोकांबाहेर आल्याचे डोळ्यांनी दिसल्याशिवाय ब्लेड ‘बसले’ असे म्हणता येत नाही, आणि नेमकी हीच खात्री ‘बसणे’ या क्रियापदात आहे. ‘लावणे’ म्हटले तर ती निसटते; कारण कुलूपही लावतात आणि मलमही लावतात.

‘जोडणे’ येते त्यानंतर. ब्लेड डावी-उजवीकडे वळवायचे असेल तर त्याच्या सिलिंडरपर्यंत तेल जावे लागते. ब्लेड तिरके, म्हणजे एक टोक वर आणि एक खाली, करण्याचीही सोय असेल तर बहुधा विजेची वायरही लागते. इंजिन बंद करून, तेलाच्या वाहिनीतला दाब सोडून, कपलरची (नळ्या जोडण्याच्या सांध्यांची) तोंडे पुसून मगच होज, म्हणजे तेलाच्या लवचीक नळ्या, जोडायचे असतात. येथे दोन टोके एकमेकांना मिळतात आणि त्यांतून काहीतरी वाहते. म्हणून हे ‘जोडणे’, बसवणे नव्हे. दोन्ही कृतींना एकच शब्द दिला, तर ब्लेड प्लेटवर पक्के झाले म्हणजे काम संपले असे वाचणाऱ्याला वाटू शकते.

‘बसवणे’ पुढे ठेवायला गोव्यातल्या वाचकासाठी आणखी एक कारण आहे. कोंकणीतले ‘जोडप’ हे कमावणे, मिळवणे या अर्थाने रोज कानावर पडते, आणि आपल्याकडेही पैसा व माणसे ‘जोडतात’च. शिवाय ‘बसोवप’ आणि ‘बसवणे’ हे सख्खे शब्द असल्यामुळे घरी कोंकणी बोलणाऱ्या कामगारालाही ‘बसवणे’ लगेच उमगते. पत्रकाचे शीर्षक एकच ठेवायचे असेल तर मी ‘लोडरला डोझर ब्लेड बसवणे’ असेच ठेवीन. ‘लोडरला डोझर बसवणे’ मात्र टाळावे. डोझरचे ब्लेड खालून, थेट चौकटीवरून रेटा घेते, तर लोडरवर तो रेटा उचलणाऱ्या बाहूंतून जातो. ब्लेड बसवल्याने लोडरचा डोझर होत नाही, आणि चालकाने तशी समजूत करून घेणे धोक्याचे आहे.

‘पाते’ मला पटत नाही. सुरीचे, पंख्याचे, गवताचे पाते पातळ असते, तर डोझरचे ब्लेड म्हणजे माती पुढे लोटणारा, आतून खोलगट असा जाड पोलादी पत्रा. धार असते ती खालच्या कडेला बोल्टने आवळलेल्या वेगळ्या पट्टीला. जांभ्याच्या थरावर घासून ती झिजली की तेवढीच बदलतात. तिला मेकॅनिक ‘कटिंग एज’ म्हणतात; मराठी शब्द हवाच असेल तर ‘धारपट्टी’ चांगला. संपूर्ण वस्तूला ‘ब्लेड’च राहू द्यावे. दाढीच्या ब्लेडमुळे तो शब्द नपुंसकलिंगी म्हणून घरोघरी रुळलेला आहे, तेव्हा ‘ते ब्लेड’ लिहावे. लोडरला लावायच्या अशा कुठल्याही अवजाराला म्हणतात ती ‘अटॅचमेंट’ मात्र ‘ती’.

उलट कृतीसाठीही शब्द वेगळे ठेवावेत. जोडलेले ‘सोडवतात’, बसवलेले ‘काढतात’. ब्लेड जमिनीवर सपाट टेकवून, इंजिन बंद करून व दाब सोडून आधी होज आणि वायर सोडवाव्यात, मग पिना मागे घेऊन ब्लेड काढावे, असा क्रम पत्रकात लिहावा. होज तसेच ठेवून गाडी मागे घेतली तर ते ताणून तुटतात.