खेड्यातील गोदामात किट विमान बांधता येते का, आणि पहिल्या उड्डाणापूर्वी ते तपासावे कसे?

आपण विचारले आहे की, वर्धा जिल्ह्यातील आपल्या शेतावर २० बाय ३० फुटांचे पत्र्याचे गोदाम आहे, वेल्डिंग आणि पत्रेकाम आपल्याला येते, तर त्या गोदामात दोन आसनी किट विमान, म्हणजे कारखान्याकडून सुट्या भागांच्या संचात येणारे विमान, बांधता येईल का. आणि बांधून झाल्यावर ते उडण्यास योग्य आहे हे कशावरून ठरवावे. मी यवतमाळ जिल्ह्यात राहतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शीटमेटलचा निदेशक म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर, वैमानिक प्रशिक्षक असलेल्या माझ्या पुतण्याच्या सोबतीने, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे असे एक विमान सहा वर्षांत पूर्ण केले. म्हणून आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाला माझे उत्तर निःसंकोच 'होय' असे आहे. दुसऱ्या भागाला मात्र सविस्तर लिहावे लागेल, कारण विमान बांधून होणे आणि विमान उडण्यास योग्य असणे यांत जे अंतर आहे, त्याची कल्पना मला स्वतःला काम अर्धे झाल्यावर आली.

परवानगीचा विषय आधी सांगतो. आपल्याकडे विमानाची नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. हौशी माणसाने बांधलेल्या विमानाला ती मिळू शकते, पण त्यासाठी प्रत्येक टप्प्याची लेखी नोंद, छायाचित्रे आणि मालाची कागदपत्रे लागतात. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी पाहिले आणि २०१७ साली त्याला नोंदणी मिळाली; ते त्यांच्या स्वतःच्या आराखड्याचे होते, किटचे नव्हते, आणि नोंदणीपर्यंत पोहोचायला त्यांना अनेक वर्षे झगडावे लागले हे सर्वांना माहीत आहे. म्हणून किटचे पैसे भरण्यापूर्वी महासंचालनालयाशी पत्रव्यवहार सुरू करावा आणि पहिल्या रिव्हेटपासून वही ठेवावी. आमच्या अशा चार वह्या भरल्या.

आता गोदामाबद्दल. आपल्या गोदामात रासायनिक खत साठवत असाल, तर ते आधी दुसरीकडे हलवा. खत, त्यातही पोटॅश, पावसाळ्यातील ओल धरते आणि त्यातील क्षार ॲल्युमिनियम खातात. पत्र्यावर पांढरी भुकटी आणि खाली सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसू लागतात. तसेच पत्र्यावर शिसपेन्सिलीने खूण करू नका. सुतारकामाच्या सवयीने आपला हात पेन्सिलीकडेच जातो, पण तिच्यातील ग्रॅफाइट ओल लागली की ॲल्युमिनियमला गंज चढवते. बारीक टोकाचा मार्कर वापरावा. ही लहान बाब वाटेल, परंतु माझ्या हाताखालच्या एका मुलाने पेन्सिलीने आखलेली एक पट्टी आम्ही जुलै महिन्यात उचलून पाहिली, तेव्हा त्या रेघेवरच पांढरट डाग उमटलेले होते, आणि ती पट्टी टाकून द्यावी लागली.

कामाचे स्वरूप शीटमेटलच्या माणसाला परके नाही. आमच्या किटमध्ये बहुतेक सांधे पॉप रिव्हेटचे, म्हणजे एकाच बाजूने मारता येणाऱ्या रिव्हेटचे, होते. छिद्र पाडायचे, क्लेकोने, म्हणजे छिद्रात बसणाऱ्या स्प्रिंगच्या पिनेने, पत्रे तात्पुरते धरायचे, सर्व छिद्रे जुळल्यावर पुन्हा सुटे करायचे, प्रत्येक छिद्राची बर, म्हणजे काठावर उठलेली धार, काढायची, जिथे पत्र्यावर पत्रा बसतो तिथे प्रायमर लावायचा आणि मगच रिव्हेट मारायचा. यातील 'पुन्हा सुटे करायचे' हा भाग नवखी माणसे गाळतात, कारण सगळे नीट जुळलेले दिसत असते. पण ड्रिलचा कीस दोन पत्र्यांच्या मध्ये अडकून राहिला, तर रिव्हेट कितीही घट्ट मारला तरी सांधा बसत नाही आणि कंपनाने छिद्र मोठे होत जाते. दुसरा नियम काठाच्या अंतराचा आहे: रिव्हेटचा मध्य पत्र्याच्या काठापासून रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतरावर असावा, म्हणजे ४ मिलिमीटरच्या रिव्हेटला ८ मिलिमीटर. पंखाच्या मुख्य तुळईवर माझ्याकडून एक छिद्र ५ मिलिमीटरवर पडले. शेजारी जास्तीचा रिव्हेट मारून भागेल असा मोह दोन दिवस झाला. तिसऱ्या दिवशी मी नवीन भाग मागवला, जो येण्यास चार महिने लागले. त्या निर्णयाचा मला आजही आनंद आहे.

तपासणीकडे येतो, कारण आपल्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. माझे ठाम मत असे आहे की, जमिनीवर तपासता येणारी कोणतीही गोष्ट पहिल्या उड्डाणासाठी शिल्लक ठेवू नये. हवेत माणसाला एका वेळी एकच नवी गोष्ट सांभाळता येते, आणि पहिल्या उड्डाणात विमान स्वतःच नवे असते.

इंधनाची चाचणी मी जवळून सांगतो, कारण तिने आम्हाला वाचवले. आमच्या विमानात पंखांतील दोन टाक्यांमधून पेट्रोल केवळ उतारावर वाहत इंजिनापर्यंत येते. अशा रचनेसाठी नियम असा आहे की, विमानाचे नाक चढाईच्या वेळी जितके वर असेल तितके वर ठेवून, इंजिन पूर्ण जोरावर जितके पेट्रोल खाते त्याच्या दीडपट प्रवाह कार्बुरेटरपाशी मिळाला पाहिजे. आमचे ८० अश्वशक्तीचे रोटॅक्स इंजिन पूर्ण जोरावर तासाला सुमारे २३ लिटर घेते. म्हणजे साडेचौतीस लिटरचा प्रवाह हवा, म्हणजेच ५ लिटरची कॅन पावणेनऊ मिनिटांच्या आत भरली पाहिजे. आम्ही शेतात शेपटीसाठी खड्डा खणला, पुढचे चाक ठोकळ्यांवर चढवले, कार्बुरेटरची नळी सोडून कॅनमध्ये धरली आणि घड्याळ लावले. उजव्या टाकीची कॅन सहा मिनिटांत भरली. डाव्या टाकीची धार सुरुवातीला तशीच जोरदार होती, पण चौथ्या मिनिटानंतर ती बारीक होत गेली आणि कॅन भरायला बारा मिनिटे लागली. आम्ही गाळणी पाहिली, कॉक पाहिला, नळीचा प्रत्येक वळसा पाहिला, काहीच सापडेना. शेवटी आमच्याकडे कामाला येणारा मुलगा शिडीवर चढला, टाकीत हवा जाण्यासाठी पंखावर असलेल्या नळीत त्याने तार घातली आणि म्हणाला, "सर, या नळीत तं कुंभारणीनं घर केलं न जी." कुंभारीण माशीने मातीचे घर बांधून ती नळी जवळजवळ बुजवली होती. टाकीत हवा शिरत नसल्यामुळे आत पोकळी तयार होत होती आणि पेट्रोल अडत होते. हेच उड्डाणात झाले असते, तर इंजिन व्यवस्थित सुरू होऊन, धावपट्टी सोडून, काही मिनिटांनी गळाठले असते. तेव्हापासून प्रत्येक उघड्या नळीवर, वेग दाखवणाऱ्या पिटोट नळीसह, लाल चिंधी बांधलेले झाकण असते आणि ते काढल्याची नोंद वहीत होते.

पेट्रोलचा दुसरा प्रश्न आपल्याकडे अलीकडे जास्त गंभीर झाला आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, तर रोटॅक्सच्या या मालिकेतील इंजिनांना कारखान्याची परवानगी १० टक्क्यांपर्यंतच आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते, काही प्रकारची रबरी नळी आणि टाकीचा लेप मऊ करते, आणि उन्हात नळीतच वाफ धरण्याची शक्यता वाढवते. खात्री करण्याचा साधा मार्ग असा: खुणा असलेल्या काचेच्या नळीत १० मिलिलिटर पाणी आणि ९० मिलिलिटर पेट्रोल घेऊन हलवावे व स्थिर होऊ द्यावे, तळचा पाण्याचा थर १० च्या वर चढला तर पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. आम्ही विमानांचे पेट्रोल, म्हणजे एव्हगॅस, वापरतो. त्यात शिसे असल्यामुळे इंजिनाचे तेल लवकर बदलावे लागते, पण तो खर्च मी बिनतक्रार करतो.

वजनासाठी आम्ही धान्य आडतीवरचे तीन इलेक्ट्रॉनिक काटे आणले, प्रमाणित वजने ठेवून ते आधी पडताळले आणि विमान पाणपातळीने सरळ करून प्रत्येक चाकाखाली एक ठेवला. रिकामे वजन २६४ किलो भरले. एकूण वजनाइतकेच त्याचे केंद्र महत्त्वाचे आहे. ते मागच्या मर्यादेपलीकडे गेले, तर विमान नाक वर करते आणि वैमानिकाला ते खाली आणता येत नाही. म्हणून एक माणूस, दोन माणसे, भरलेली टाकी, रिकामी टाकी असा प्रत्येक हिशोब कागदावर मांडावा. नियंत्रणांची दिशा तर दर वेळी पाहावी: वैमानिकाची दांडी मुठीत धरून अंगठा वर ठेवावा, दांडी ज्या बाजूला झुकवाल, त्या बाजूचा एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या काठाची हलती फळी, वर उठला पाहिजे, म्हणजे अंगठा नेहमी वर उठलेल्या एलेरॉनकडे झुकतो. तारा उलट जोडल्या गेल्यामुळे अनुभवी माणसांचेही प्राण गेले आहेत.

इंजिन प्रथम सुरू करताना काळ्या मातीच्या शेतात ते करू नका. ढेकळे आणि खडे पंख्यात ओढले जातात. आम्ही जिनिंगच्या सिमेंटच्या आवारात, चाकांना ठोकळे व शेपटीला दोर बांधून केले. एप्रिलमध्ये जमिनीवर चालवताना पाण्याचे तापमान लाल रेषेजवळ पोहोचले. रेडिएटरच्या कडेच्या फटी पत्र्याने बंद करून सर्व हवा त्यातूनच जाईल असे केल्यावर ते ताब्यात आले.

याच उन्हामुळे पहिले उड्डाण कधी घ्यावे, हेही ठरते. किटच्या पुस्तकातील आकडे समुद्रसपाटीचे आणि १५ अंश तापमानाचे असतात. नागपूर परिसराची उंची सुमारे ३१० मीटर. पण मे महिन्यात ४५ अंशांवर तिथली हवा इतकी विरळ होते की, विमानाला ती सुमारे १४५० मीटर उंचीवरच्या हवेसारखी वाटते. म्हणजे सपाट कापसाच्या शेतात उभे असूनही विमान चिखलदऱ्याच्याही वरून उडत असते. इंजिनाची शक्ती साधारण सातव्या हिश्शाने घटते, पंखाखालची हवाही हलकी असते आणि धाव बरीच लांबते. आम्ही डिसेंबरातील सकाळ निवडली, वारा पडलेला असताना.

विमान पंख उतरवून ट्रकने एका नियमित धावपट्टीवर नेले होते. पुतण्या एकटाच बसला. चाचणीच्या काळात दुसरे कोणी बसत नाही, बांधणारासुद्धा नाही, आणि हे मी मनापासून मान्य केले. त्याने धावपट्टीच्या आवाक्यात राहूनच उंची घेतली, वर गेल्यावर वेग हळूहळू कमी करत विमान कोणत्या वेगाला थरथरते, म्हणजे पंखांचा आधार सुटण्याच्या बेतात येते, ते पाहिले, त्यावरून उतरण्याचा वेग ठरवला आणि २४ मिनिटांनी खाली आला. त्यानंतरच्या उड्डाणांत चार दिशांना जीपीएसचा वेग मोजून वेगमापक तपासला, चढाईचा उत्तम वेग शोधला, आणि शेजारच्या आसनावर वाळूच्या पिशव्या पट्ट्याने बांधून वजन थोडे थोडे वाढवले. अमेरिकेत अशा चाचणीला सामान्यतः ४० तासांची रीत आहे. आम्हीही तेवढेच धरले.

आपल्या गोदामाचे माप पुरेसे आहे. आमच्या विमानाचे धड साडेसहा मीटरच्या आत आहे आणि पंख वेगळे भिंतीला टेकून राहतात. फक्त दाराची रुंदी आज मोजून घ्या. शेपटीचा आडवा पंख बसवल्यावर आमचे विमान आठ फुटी दारातून जेमतेम बाहेर पडले.