गीझरवरचे पाच स्टार नेमके काय मोजतात आणि त्यांचे पैसे वसूल होतात का?

आपण विचारले आहे की पुण्यात चार जणांच्या कुटुंबासाठी २५ लिटरचा साठवण गीझर घेताना कमी स्टारचा स्वस्त गीझर सोडून पाच स्टारचा महाग गीझर घ्यावा का, आणि या सरकारी स्टारवर कितपत विसंबावे. माझ्या मते स्टार विश्वासार्ह आहेत, परंतु ते ज्या गोष्टीविषयी सांगतात ती आपल्या बिलातली छोटी बाब असू शकते. गीझर दिवसभर चालू राहणार असेल तर पाच स्टारचाच घ्यावा. सकाळी अर्धा तास चालवून बंद होणार असेल तर स्टारसाठी फार पैसे मोजू नयेत.

ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ च्या कलम १४ नुसार केंद्र सरकारला उपकरणांसाठी वीजवापराची मानके ठरवण्याचा, त्यांवर लेबल सक्तीचे करण्याचा आणि मानकात न बसणाऱ्या मालाच्या विक्रीला बंदी घालण्याचा अधिकार मिळाला. हे काम ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई, पाहते. स्टार लेबलची योजना २००६ मध्ये सुरू झाली आणि पुढे ६ ते २०० लिटरचे साठवण गीझरही सक्तीच्या यादीत आले. त्यामुळे एक स्टार म्हणजे निकृष्ट माल, हा दुकानात ऐकू येणारा समज बरोबर नाही. कायद्याने ठरवलेली किमान अट त्या गीझरने पूर्ण केलेली असते, आणि त्याखालचा माल बाजारात यायलाच नको.

आता मुख्य मुद्दा. विजेची कॉइल पाण्यात बुडालेली असते, त्यामुळे पाच स्टारचा असो वा एक स्टारचा, घेतलेली जवळजवळ सगळी वीज पाण्यातच उतरते. पाणी तापवण्यात कोणताही गीझर दुसऱ्यापेक्षा फारसा सरस नसतो. फरक पडतो तो तापलेले पाणी टाकीत पडून असताना. म्हणून चाचणीत भरलेल्या टाकीतले पाणी खोलीच्या तापमानापेक्षा ४५ अंशांनी गरम ठेवतात, एक थेंबही काढत नाहीत आणि २४ तासांत ती उष्णता टिकवण्यासाठी किती युनिट लागले ते मोजतात. स्टार ठरतात ते या उष्णतेच्या गळतीवरून, म्हणजे टाकीभोवतीच्या फोमच्या आवरणाच्या दर्जावरून. (आपल्याकडच्या जुन्या तांब्याच्या बंबाला ही परीक्षा दिली असती तर तो पहिल्याच तासात नापास झाला असता.)

बीईईचा काही वर्षांपूर्वीचा स्टारचा तक्ता घेतला तर २५ लिटरच्या टाकीसाठी एक स्टारची कमाल मर्यादा दिवसाला १.३८६ युनिट होती आणि पाच स्टारची ०.६९३ युनिट, म्हणजे बरोबर निम्मी. थर्मोस्टॅट ६० अंशांवर आणि स्नानघर २५ अंशांवर धरले तर फरक ४५ ऐवजी ३५ अंशांचा राहतो आणि रोजची बचत अर्ध्या युनिटाच्या थोडी वर जाते. महिन्याला साधारण १६ युनिट. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर बदलत असल्याने ही बचत आपल्या सर्वांत वरच्या टप्प्यातून वजा होते, हेही हिशेबात धरावे. मात्र हे सगळे गीझर चोवीस तास चालू असेल तरच, आणि ही तुलना तक्त्याच्या दोन टोकांची आहे. तीन आणि पाच स्टारमधला फरक याच्या निम्म्याहूनही कमी भरतो.

आपल्याकडे बहुतेक घरांत आंघोळीआधी बटण दाबतात आणि नंतर बंद करतात. अशा वेळी प्रश्न एवढाच उरतो की बंद केल्यावर टाकीत किती गरम पाणी शिल्लक राहिले. टाकी पूर्ण तापलेली सोडून दिली तर वरच्या आकड्यांवरून केलेल्या माझ्या गणिताप्रमाणे एक स्टारच्या टाकीत दुसऱ्या सकाळपर्यंत सुमारे एक तृतीयांश उष्णता उरते आणि पाच स्टारच्या टाकीत जवळपास साठ टक्के. परंतु शेवटच्या माणसाच्या आंघोळीआधीच गीझर बंद केला आणि गरम पाणी संपवले, तर गळायला उष्णताच उरत नाही आणि स्टारमधला फरक नाममात्र होतो. दोन किलोवॉटची कॉइल २५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे अर्धा तास आणि एक युनिट घेते, तेव्हा तासभर आधी गीझर लावून ठेवण्याची सवय केवळ गळतीला वाव देते.

याहून मोठा खर्च वापराचा आहे. २५ अंशांच्या पाण्यापासून ४० अंशांची २० लिटरची बादली भरण्यास सुमारे ०.३५ युनिट लागते, डिसेंबरात गच्चीवरच्या टाकीचे पाणी १८ अंशांवर आले की अर्धे युनिट. मिनिटाला आठ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली आठ मिनिटे उभे राहिले तर एक युनिटाहून अधिक वीज जाते. म्हणजे घरातल्या एका माणसाने शॉवर सोडून बादली घेतली, तर एक आणि पाच स्टारमधल्या फरकापेक्षा जास्त बचत होते. दुकानदार हे सांगणार नाही, आणि लेबलवर तर ते मावणारही नाही.

स्टारची तुलना फक्त त्याच क्षमतेच्या गीझरशी असते, हेही फार जणांच्या लक्षात येत नाही. त्याच तक्त्यात १५ लिटरच्या चार स्टार गीझरची मर्यादा ०.६८३ युनिट होती, म्हणजे २५ लिटरच्या पाच स्टारपेक्षा किंचित कमीच. आपल्या घरी सगळे बादलीने आणि एकामागून एक आंघोळ करत असतील, तर आधी २५ लिटर खरोखर हवेत का याचा विचार करावा.

माझा या मानकाबद्दल एक आक्षेप आहे. केवळ गळती मोजणारी पट्टी उष्णता-पंपाच्या गीझरला न्याय देऊ शकत नाही. तो हवेतली उष्णता ओढून घेतो आणि एका युनिट विजेत दोन-तीन युनिट उष्णता पाण्यात घालतो, पण गळतीच्या चाचणीत हा गुण दिसणारच कसा? अमेरिकेत दिवसभराच्या नमुना वापरात किती ऊर्जा लागली आणि त्यातून नळाला किती उष्णता मिळाली, हे मोजतात. तिथल्या १६ एप्रिल २०१५ पासूनच्या नियमाने ५५ गॅलनपेक्षा, म्हणजे सुमारे २०८ लिटरपेक्षा मोठ्या विजेच्या गीझरसाठी अट इतकी कडक केली की उष्णता-पंपाशिवाय ती सहसा पुरी होत नाही. तिथे टाक्या मोठ्या आणि बारमाही चालू असल्याने ते सयुक्तिक आहे. सकाळच्या चार बादल्यांसाठी उष्णता-पंपाची किंमत भरून निघणे मात्र कठीण.

खरेदीच्या वेळी लेबलवरच्या स्टारबरोबर लेबलच्या वैधतेचा कालावधी आणि खाली छापलेला उष्णताहानीचा आकडा वाचावा, कारण तक्ते वेळोवेळी कडक होतात आणि गोदामात राहिलेल्या जुन्या मालावरचे पाच स्टार आजच्या मोजमापात कमी भरू शकतात. तोच नमुना बीईईच्या मोबाइल ॲपवर शोधून आकडा जुळतो का हेही पाहता येते. दोन गीझरच्या आकड्यांतला फरक घ्यावा, आपला गीझर दिवसातून जितका वेळ गरम पाण्याने भरलेला राहतो त्या प्रमाणात तो कमी करावा आणि आपल्या वरच्या टप्प्याच्या दराने गुणावा. किमतीतला फरक चार-पाच वर्षांत भरून निघत असेल तर पाच स्टारचा घ्यावा. नाहीतर तेच पैसे चांगल्या टाकीच्या आणि जास्त वॉरंटीच्या गीझरवर खर्च करावेत, विशेषतः सोसायटीला बोअरचे क्षारयुक्त पाणी येत असेल तर.