वाचकांचे प्रश्न : ब्रिटनचा व्हिसा नाकारल्यावर दाद कशी मागावी?

प्रश्न : मी यांत्रिकी अभियंता असून वेर्णा औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. ब्रिटनमधील एका कंपनीने दिलेल्या सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपच्या (नोकरीसाठी प्रायोजक असल्याच्या प्रमाणपत्राच्या) आधारे मी स्किल्ड वर्कर व्हिसासाठी अर्ज केला होता. परंतु खात्यातील शिल्लक सलग २८ दिवस पुरेशी नव्हती, असे कारण देऊन तो फेटाळण्यात आला. पतसंस्थेत माझ्या नावे ठेव आहे, ती अर्जात दाखवायची राहिली. ती दाखवून अपील करता येईल का? म्हापशातील एक एजंट निकाल फिरवून देण्याची हमी देतो.
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आपली ठेव आता उपयोगी पडणार नाही, हे आधी स्पष्ट करतो. ब्रिटनच्या २०१४ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर अशा अर्जदारांना न्यायाधिकरणाकडे अपील करता येत नाही. त्याऐवजी अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू (निर्णयाची प्रशासकीय फेरतपासणी) मागता येतो, आणि त्यात अर्जासोबत दिलेल्या कागदपत्रांवरून अधिकाऱ्याची चूक झाली का, एवढेच पाहिले जाते. नवा पुरावा सहसा विचारात घेतला जात नाही. भारतातून अर्ज केलेल्यांनी निर्णय मिळाल्यापासून २८ दिवसांत ही मागणी करायची असते व तिचे शुल्क ८० पौंड आहे. ती आपण स्वतः ऑनलाइन करू शकता. निकालाची हमी कोणालाही देता येत नाही, म्हणून त्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मात्र मुदत संपण्यापूर्वी स्पॉन्सरशिपचे प्रमाणपत्र बारकाईने वाचा. पहिल्या महिन्याच्या निर्वाहखर्चाची जबाबदारी कंपनीने त्यात स्वीकारली असेल, तर आपल्याला शिल्लक दाखवण्याची गरजच नव्हती, आणि अधिकाऱ्याने ती नोंद दुर्लक्षिली असल्यास रिव्ह्यू अवश्य मागावा. तशी नोंद नसेल आणि शिल्लक एक दिवस जरी आवश्यक १,२७० पौंडांच्या खाली गेली असेल, तर निर्णय नियमाला धरून आहे. अशा वेळी रिव्ह्यूत वेळ घालवण्यापेक्षा नवा अर्ज करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. दोन्ही मार्ग एकाच वेळी चालत नाहीत, कारण नवा अर्ज केल्यास प्रलंबित रिव्ह्यू रद्द होतो.

नव्या अर्जासाठी कंपनीकडून नवे प्रमाणपत्र घ्यावे लागेल. ते देताना निर्वाहखर्चाची नोंद करण्याची विनंती आपण जरूर करा. प्रायोजक कंपनीचा परवाना ए दर्जाचा असल्यास तिला ती करता येते. कंपनी तयार नसेल, तर ठेवीची रक्कम बँकेतील स्वतःच्या खात्यात हलवून २८ दिवस तशीच ठेवा आणि त्या कालावधीचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपूर्वीच्या ३१ दिवसांत येईल, असे पाहा. योग्य नियामकाच्या देखरेखीखाली नसलेल्या संस्थेतील पैसा धरला जात नाही, आणि आपल्याकडील पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, तर सहकार निबंधकांच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे ही जोखीम घेऊ नये.

पुढील अर्जात मागील नकार न लपवता नमूद करा. अपुऱ्या शिलकीवरून झालेला नकार पुढच्या अर्जाच्या आड येत नाही, पण लपवाछपवी फसवणूक ठरल्यास १० वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जाऊ शकतात. नकारानंतर आरोग्य अधिभार (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी अर्जासोबत भरलेली रक्कम) परत मिळतो. व्हिसाचे शुल्क मिळत नाही.