कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या गोळ्या: 'दोनास एक' हे प्रमाण पाळावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय ५३, पाळी जाऊन दोन वर्षं झाली. सकाळी साडेसहाला थायरॉइडची गोळी, आठ वाजता पोह्यांबरोबर कॅल्शियम ५००, रात्री झोपताना आणखी एक कॅल्शियम ५००. योगाच्या ग्रुपवर कुणीतरी सांगितलं की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोनास एक या प्रमाणातच हवं, म्हणून तुम्ही मॅग्नेशियम ५०० आणलं, आणि आठवडाभर पोट बिघडलंय. आता कुठली गोळी कधी घ्यायची?

पुण्यात कर्वेनगरला माझं मेडिकलचं दुकान आहे, २३ वर्षं झाली. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन आठवड्याला दोन-तीन ताई काउंटरवर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोनास एकचं आधी मनातून काढून टाका. पन्नाशीपुढच्या बाईसाठी अमेरिकेत रोजची गरज धरतात ती कॅल्शियम १,२०० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम ३२० मिलिग्रॅम. भागून बघा, जवळजवळ चारास एक येतं. आपल्या अंगात कॅल्शियम किलोभर असतं आणि मॅग्नेशियम जेमतेम २५ ग्रॅम, म्हणजे तिथे तर चाळीसास एक. दोन्हींची गरज वेगवेगळी मोजायची असते. एक वाढवलं म्हणून दुसरं त्याच पटीत वाढवायचं, असा हिशेब शरीर ठेवत नाही.

तरी या दोघांचं नातं खोटं नाही, आणि ते मी घरातच बघितलंय. माझ्या आईला ॲसिडिटीची सकाळची गोळी आठ वर्षं चालू होती. कुणी बंद करा म्हटलं नाही, आणि मीही दर महिन्याला दुकानातून तीच पट्टी घरी नेत राहिलो. मग तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. रक्तातलं कॅल्शियम कमी निघालं. गोळ्या दिल्या, वाढेना. डोस वाढवला, तरी वाढेना. शेवटी एका फिजिशियननी मॅग्नेशियम तपासायला सांगितलं. ते फार खाली गेलेलं होतं. ॲसिडिटीची गोळी बदलली, सलाइनमधून मॅग्नेशियम दिलं, आणि ज्या कॅल्शियमसाठी दोन महिने धडपड चालली होती ते काही दिवसांत आपोआप वर आलं.

याचं कारण असं: रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी एक संप्रेरक सोडतात, आणि ते हाडांतून आणि मूत्रपिंडांतून कॅल्शियम रक्तात परत आणतं. ते संप्रेरक सोडायला त्या ग्रंथींना मॅग्नेशियम लागतं. मॅग्नेशियम फारच घटलं की निरोपच निघत नाही, मग वरून कितीही कॅल्शियम ओता. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या जातीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्या काही जणांचं मॅग्नेशियम असं घसरतं. अमेरिकेच्या औषध खात्याने २०११ मध्येच तसा इशारा दिला होता. तुम्ही अशी गोळी घेत असाल, किंवा लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना मॅग्नेशियमच्या तपासणीबद्दल जरूर विचारा.

मात्र ज्याचं मॅग्नेशियम कमी नाही त्याने वरून खाऊन हाडं जास्त पक्की होत नाहीत. उतारवयात रात्री पोटऱ्यांत येणाऱ्या गोळ्यांसाठीही लोक सर्रास मॅग्नेशियम नेतात. चाचण्यांमध्ये साध्या खोट्या गोळीपेक्षा त्याचा फारसा फरक दिसलेला नाही.

आता तुमच्या हातातली पट्टी उलटी करून वाचा. कॅल्शियमच्या पट्टीवर 'कॅल्शियम कार्बोनेट १,२५० मिलिग्रॅम' आणि शेजारी 'एलिमेंटल कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम' असं असेल. एलिमेंटल म्हणजे गोळीतलं प्रत्यक्ष कॅल्शियम; हिशेबात धरायचा तो ५०० चा आकडा. मॅग्नेशियमचंही तसंच. तुमची गोळी ऑक्साइडची असेल तर तुमच्या पोटाचं उत्तर तिथेच आहे. ऑक्साइड आतड्यात फार कमी शोषलं जातं, उरलेलं पाणी ओढून घेतं आणि पोट सुटतं. बद्धकोष्ठाला जे पांढरं औषध देतात तेही मॅग्नेशियमचंच असतं. गोळ्यांतून दिवसाला ३५० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असं अमेरिकेत सांगतात, युरोपात तर २५० च. ही मर्यादा गोळ्यांची आहे, जेवणातल्या मॅग्नेशियमची नाही.

माझं मत विचाराल तर ही गोळी तूर्त बंद करा. डॉक्टरांनी घ्यायला सांगितलीच तर ग्लायसिनेट प्रकारची मागा, पोटाला त्रास कमी होतो. मूत्रपिंडाचा काही आजार असेल तर मात्र स्वतःच्या मनाने अजिबात नको. जास्तीचं मॅग्नेशियम मूत्रपिंडच बाहेर टाकतं. ते थकलेलं असेल तर रक्तात साठत जातं, आणि त्याचा हृदयावर परिणाम होतो.

कॅल्शियमच्या दोन गोळ्या लागतातच का, हेही तपासू. आपल्याकडे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत पाळी गेलेल्या बाईसाठी रोज १,२०० मिलिग्रॅम आहे. घरचं जेवण मोजा. पेलाभर दूध, चहातलं धरून, साधारण २४०. वाटीभर दही दीडशेच्या पुढे. नाचणीची एक भाकरी, साठेक ग्रॅम पिठाची, २०० च्या आसपास. न सोललेल्या तिळाची चमचाभर चटणी शंभराच्या वर. झाले की सातशे! उरलेल्या पाचशेला एक गोळी पुरते. (पालक यात मोजू नका. त्यातलं कॅल्शियम ऑक्सॅलेट नावाच्या घटकात अडकलेलं असतं, अंगी लागत नाही.) गरजेपेक्षा जास्त गोळ्यांचं ओझंही असतं. अमेरिकेत ३६ हजारांवर बायकांना रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सोबत ड जीवनसत्त्व देऊन पाहिलं, तेव्हा मुतखड्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी वाढलं. दुधा-दह्यातल्या कॅल्शियमने खडे वाढत नाहीत.

मॅग्नेशियमही ताटातून भरपूर मिळतं. ज्वारी-बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचं कूट, तीळ, राजगिरा, बदाम, आणि भोपळ्याच्या बिया, ज्या आपण सहज फेकून देतो. मैदा आणि पॉलिशचा तांदूळ वाढला की मात्र ते कमी पडतं. पाण्यातूनही थोडंफार येतं. आपल्याकडे खडकवासल्याचं पाणी मऊ आहे, आणि वाघोलीकडे टँकर-बोअरच्या पाण्याने किटलीत जो पांढरा थर बसतो तो बहुतेक कॅल्शियम-मॅग्नेशियमच्याच क्षारांचा. घरी आरओ असेल तर ते क्षार निघून जातात, मग पाण्याचा भाग धरू नका.

आता वेळा, आणि तुमच्या बाबतीत खरी चूक इथे होतेय. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत तुम्ही दीड तासच ठेवताय. कॅल्शियम आतड्यात त्या औषधाला धरून ठेवतं आणि ते नीट शोषलं जात नाही. किमान चार तास हवेत. मॅग्नेशियम आणि लोह यांनाही हाच नियम. तेव्हा सकाळी उठल्यावर पाण्याबरोबर फक्त थायरॉइडची गोळी. कॅल्शियम कार्बोनेट दुपारच्या जेवणाबरोबर, कारण ते विरघळायला पोटातलं आम्ल लागतं आणि जेवताना ते भरपूर असतं. झोपताना रिकाम्या पोटी घेतलेलं बरंचसं वाया जातं. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर कार्बोनेटऐवजी कॅल्शियम सायट्रेट घ्या, त्याला आम्ल लागत नाही. एका वेळी ५०० पेक्षा जास्त नको. मॅग्नेशियम लागलंच तर रात्रीच्या जेवणाबरोबर. मध्येच लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखं अँटिबायोटिक दिलं, तर तेवढे दिवस या गोळ्या थांबवायच्या की किती तास लांब ठेवायच्या ते विचारून घ्या.

एक गोष्ट विसरू नका. कॅल्शियम दुपारी सरकवल्यावर थायरॉइडचं औषध अंगाला आजच्यापेक्षा जास्त लागायला लागेल, आणि आजवर बरोबर वाटणारा डोस कदाचित जड होईल. छातीत धडधड, हातांना थरथर, झोप न लागणं असं काही जाणवलं तर लगेच दाखवा. त्रास नसला तरी वेळ बदलल्याचं डॉक्टरांना आत्ताच कळवा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, पुन्हा करा. त्याच रक्तात क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि कॅल्शियमही बघून टाका.