माझ्या नावाखाली तुमचे शब्द?

प्रश्न: आमची पाच जणांची टीम आहे, ट्रेनिंगसाठी एक हँडबुक लिहितोय. फाईल वर्डची, तीही जुन्या व्हर्जनमधली, मेलवर एकाकडून दुसऱ्याकडे फिरते. एका तक्त्यावर मी कमेंट टाकली होती, "हे आकडे मागच्या रिपोर्टशी जुळत नाहीत, कुठून घेतले ते सांगा." फाईल फिरून परत आली तर माझ्याच नावाखाली लिहिलेलं, "आकडे एकदा बघून घ्यावेत." एका सहकाऱ्याने बदललं होतं. तो म्हणतो, मी फक्त भाषा सौम्य केली, आणि डॉक्युमेंट सगळ्यांचं आहे तर कमेंट तेवढी वेगळी कशी? मी उगाच मनाला लावून घेतेय का?

उत्तर: नाही ताई, उगाच नाही.

आधी तुमची दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात तुम्ही ठामपणे सांगताय की आकडे जुळत नाहीत, कशाशी जुळत नाहीत तेही सांगताय, आणि शेवटी कुणीतरी उत्तर द्यावं असा सरळ प्रश्न आहे. दुसऱ्यात यातलं काहीच उरलं नाही. "बघून घ्यावेत" याला कुणी उत्तर द्यायचं, कधी द्यायचं? कुणीच नाही, कधीच नाही. म्हणजे भाषा सौम्य झाली असं नाही, तुमचा प्रश्नच गेला, आणि तो तुम्हीच मागे घेतला असं आता दिसतंय. उद्या तक्ता चुकीचा निघाला आणि कुणी विचारलं की हे वेळेवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं का, तर फाईल सांगणार की आलं नव्हतं. तुम्हाला त्रास झाला तो याचाच, शब्दांचा नाही.

तुमच्या सहकाऱ्याचा प्रश्न मात्र मला महत्त्वाचा वाटतो, डॉक्युमेंट सगळ्यांचं तर कमेंट वेगळी कशी, कारण बरेच लोक प्रामाणिकपणे असंच समजतात. हा गोंधळ जुनाच आहे. १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिली विकी सुरू केली, म्हणजे कुणीही यावं आणि कुठलंही पान बदलावं अशी वेबसाइट, आणि तिथे लवकरच लोकांच्या लक्षात आलं की एकाच पानावर दोन जातीचं लिखाण होतंय. एक बिननावाचं, सगळ्यांनी मिळून घडवलेलं, त्याला ते डॉक्युमेंट मोड म्हणायला लागले, आणि दुसरं सही करून केलेलं बोलणं, मी असं म्हणतो, मला हे पटत नाही, त्याला थ्रेड मोड. पहिलं बदललं की सुधारतं. दुसरं परक्या हाताने बदललं की खोटं होतं, कारण खाली सही त्या माणसाची आणि शब्द दुसऱ्याचे. तुमच्या हँडबुकचा मजकूर पहिल्या जातीचा आहे, त्यात सहकाऱ्याने तुमचं अख्खं पान बदललं तरी तक्रार करायला जागा नाही (पटलं नाही तर वाद घाला, तो वेगळा विषय). कमेंट दुसऱ्या जातीची आहे. तिच्यावर नाव असतं, तारीख असते, ते काय शोभेसाठी नाही.

आणि अधिकार असला म्हणून हक्क येत नाही. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये रेडिट या चर्चेच्या वेबसाइटचे सीईओ स्टीव्ह हफमन यांनी स्वतःला शिव्या देणाऱ्या युजर्सच्या कमेंट्स गुपचूप बदलल्या, स्वतःचं नाव काढून तिथे दुसऱ्यांची नावं टाकली. कमेंट्स शिवीगाळीच्याच होत्या, तरी लोक चिडले ते त्या बदलण्यावर, आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. काढून टाकल्या असत्या तर इतकं झालं नसतं असं मला वाटतं, कारण काढलेलं बोलणं नुसतं गायब होतं, बदललेलं बोलणं त्या माणसाच्या तोंडी घातलं जातं.

गूगल डॉक्समध्ये ही वेळच येत नाही, तिथे दुसऱ्याच्या कमेंटचे शब्द बदलता येत नाहीत, रिप्लाय देता येतो नाहीतर रिझॉल्व्ह, म्हणजे मुद्दा मिटला म्हणून बंद करता येते, आणि रिझॉल्व्ह केलेली कमेंटही नंतर शोधून वाचता येते. जुन्या वर्डमध्ये मात्र कमेंटच्या चौकटीत क्लिक करून कुणीही टाईप करायचं आणि नाव मूळ माणसाचंच राहायचं. सॉफ्टवेअरने दार उघडं ठेवलं होतं इतकंच.

आता काय करायचं? भांडू नका. मूळ शब्दात नवीन कमेंट टाका आणि सहकाऱ्याला सांगा की तुला सूर कडक वाटला तर खाली तसा रिप्लाय दे किंवा मला फोन कर, मीच बदलेन. आणि टीममध्ये एकदा बोलून ठरवून टाका की मजकूर सगळ्यांचा, कमेंट ज्याची त्याची, आणि ज्याने प्रश्न विचारला त्यानेच तो बंद करायचा. शेवटच्या मुद्द्यावर लोक म्हणतात की ज्याने दुरुस्ती केली तो बंद करेल, पटकन होतं. पण दुरुस्ती झाली की नाही हे विचारणाऱ्यालाच कळतं, म्हणून मी त्याच्याच बाजूने आहे.

प्रश्न: मी एका छोट्या गटासाठी एडिटिंग करतो, वीसेक जण कमेंट टाकतात, टायपो भरपूर, लिंका तुटलेल्या, एकाने तर चक्क पासवर्ड लिहून ठेवला होता. हेही हात न लावता तसंच ठेवायचं का?

उत्तर: पासवर्ड, फोन नंबर, कुणाच्या घरचा पत्ता, हे दिसल्या क्षणी काढायचं, परवानगी विचारत बसायचं नाही, फक्त तिथे लिहायचं की अमुक माहिती मी काढली आणि त्या माणसाला कळवायचं. पासवर्ड नुसता पुसून भागत नाही हेही लक्षात ठेवा, तो बदलूनच टाकायला सांगा, कारण जुना मजकूर बऱ्याच ठिकाणी हिस्टरीमध्ये राहतो. गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामर मिळून कोड लिहितात त्या साइटवर, ज्याला प्रोजेक्टमध्ये लिहायचा अधिकार आहे त्याला दुसऱ्याची कमेंट एडिट करता येते, पण तिथे एडिटेड असं दिसतं आणि २०१८ पासून आधीचा मजकूरही उघडून बघता येतो. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते, बदल करा पण दिसू द्या.

तुटलेली लिंक जोडणं, पॅराग्राफ नीट लावणं याला कुणाची हरकत नसावी. टायपोंना मात्र हात लावू नका. विकिपीडियाच्या चर्चा पानांवर कुणालाही काहीही बदलता येतं, लोक चार टिल्ड (~~~~) टाकून आपल्या बोलण्याखाली सही करतात, आणि इंग्रजी विकिपीडियाचा संकेत असा की दुसऱ्याच्या बोलण्यातलं स्पेलिंगसुद्धा सहसा सुधारायचं नाही. मला आधी हे अति वाटायचं. मग एकदा एका मैत्रिणीने कमेंट टाकली होती, "हा परिच्छेद काढायचा ना", पुढे काहीच चिन्ह नव्हतं, मी सवयीने प्रश्नचिन्ह टाकलं. ती आठवण करून देत होती की काढायचं ठरलंय, माझ्या प्रश्नचिन्हाने झालं की काढायचा का, आणि मिटलेला वाद सगळ्यांनी पुन्हा दोन दिवस घातला. मी तिची माफी मागितली. त्यानंतर दुसऱ्याच्या कमेंटमधला स्वल्पविरामही मी हलवलेला नाही.

प्रश्न: आणि स्वतःची कमेंट? ती तर बदलू शकतो ना, कधीही?

उत्तर: कुणी उत्तर देईपर्यंत खुशाल बदला. उत्तर आल्यावर नको, कारण ज्याने तुमच्या चुकीवर बोट ठेवलं तोच मग वेडा दिसतो, चूकच तिथे नसते. जुने शब्द खोडरेघ मारून राहू द्या, नाहीतर खाली नवीन रिप्लाय टाका, "वरचं चुकलं, बरोबर असं आहे." दहा सेकंदांचं काम आहे.