तापणारा स्लॅब : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अकोल्यात आमचं एकमजली घर आहे, स्लॅब ६०० चौरस फुटांचा. उन्हाळ्यात मध्यरात्रीही पंखा गरम हवाच फेकतो. आतून थर्माकोलचं सिलिंग करावं की गच्चीवर काम काढावं?

उत्तर : काम गच्चीवरच काढा. काँक्रीट दिवसभर तापतं आणि रात्री ती उष्णता खाली सोडतं. आतल्या सिलिंगने तिला अडसर होतो, पण स्लॅब तापायचा तो तापतोच. शिवाय वायरिंगजवळ उघडं थर्माकोल म्हणजे आगीला आमंत्रण.

आधी गच्चीवरचं पाणी जायची तोंडं बुजवून ४८ तास पाणी तुंबवा. गळती दिसली तर वॉटरप्रूफिंग आधी. त्यावर ५० मिमी जाडीचे, कडेला खाच असलेले एक्सपीएस (घट्ट, न दबणाऱ्या फोमचे) बोर्ड वीटकामासारखी सांधेमोड करून बसवा. १.२५ बाय ०.६ मीटरचे ७५ बोर्ड लागतील. कापाकापी धरून ७९ आणा. स्वस्त म्हणून पॅकिंगचं थर्माकोल नको, ते पायाखाली दबतं. पातळ केलेलं डांबर बोर्डाला लावू देऊ नका, त्यातल्या सॉल्व्हंटने बोर्ड विरघळतो. बोर्ड उन्हात उघडे ठेवायचे नाहीत. लगेच जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कृत्रिम धाग्यांचं) कापड, मग जाळी घालून ४० मिमी काँक्रीट. उतार १०० ला १. दर तीन मीटरवर सांधा सोडून सीलंट भरा, नाहीतर वरचा थर हमखास तडकतो. शेवटी पांढरी चायना मोझॅक, म्हणजे चकचकीत फरशीच्या तुकड्यांचा थर.

काम फसतं ते बहुधा कडेला. कठड्याचा वाटा (बुडाशी दिलेली सिमेंटची गोलाई) आणि टाकीचा ओटा सोडून बोर्ड घातले, की तेवढ्या पट्टीतून उष्णता उतरत राहते. दुसरी गोष्ट वजनाची : हे काँक्रीटच चौरस मीटरला सुमारे १०० किलो भरतं. खाली जुना विटांचा कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा जाड थर) असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय त्यावर काही चढवू नका.

एवढा खर्च झेपत नसेल तर उष्णता परावर्तित करणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात द्या. फरक पडतो, पण धूळ बसली की कमी होतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी गच्ची धुवावी लागते.

प्रश्न : पत्र्याच्या खोलीला आतून चकचकीत फॉइल चिकटवली. फरक शून्य. का?

उत्तर : चकचकीत बाजू पत्र्याला चिकटली की ती निकामी होते, तिच्यासमोर मोकळी हवा हवी. फॉइल पत्र्यापासून निदान २५ मिमी खाली, पट्ट्यांवर ताणून बसवा. चकाकी खोलीकडे, म्हणजे तिच्यावर धूळ साचत नाही. पत्र्याखालून वायर जात असेल तर आधी ती पीव्हीसी पाइपात घाला, ॲल्युमिनियममधून करंट जातो.